शंभर अधिक वय

अण्णांची वही अजून माझ्या कपाटात आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तसली. आत पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वरचं, खालचं, शेरा. पहिली नोंद ११ ऑगस्ट १९९६ची. त्या रविवारी सकाळी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका दवाखान्यात अण्णांचं बीपी १५२/९४ निघालं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या सरळ, टोकदार अक्षरात लिहिलंय, "डॉ. म्हणाले, वयाच्या मानाने ठीक."

शेजारी समासात पेन्सिलने एक बेरीज आहे. १०० + ५४ = १५४.

वरचं बीपी म्हणजे शंभर अधिक वय, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. कंपाउंडरला, गल्लीतल्या काकांना, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या माणसाला. अण्णा तर सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मायक्रोमीटर लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजण्यात त्यांचा जन्म गेला. मोजमापावर त्यांचा देवासारखा विश्वास. त्यांना १५४ ही मर्यादा मिळाली आणि त्यांचं बीपी तिच्या दोन अंक खाली होतं. कारखान्याच्या भाषेत, जॉब पास झाला. दर वाढदिवसाला ते समासातली बेरीज नव्याने मांडायचे: १५५, १५६, १५७. बीपी वाढत होतं आणि त्याच्याबरोबर मर्यादाही वर सरकत होती. त्यामुळे सहा वर्षं ते कधी नापास झालेच नाहीत.

२००२च्या पावसाळ्यात पहिल्यांदा मर्यादा ओलांडली. वय साठ, बीपी १६४/८८. शेरा: "चार जास्त. मीठ कमी करावे." डॉक्टरांनी तेव्हाही गोळी दिली नाही. साठीला एवढं चालतं, खालचं तर उलट उतरलंय, असं म्हणाले. अण्णांना बरंच वाटलं. घरी येताना त्यांनी जिलेबी आणली होती, हे मला चांगलं आठवतं.

जानेवारी २००४. नाशिकची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना ती सकाळ वेगळी सांगायला नको. बंब पेटलेला, अण्णा अंगणातल्या आरशासमोर दाढी करत होते. हातातला वस्तरा खाली पडला. त्यांनी वाकून तो उचलायचा प्रयत्न केला, बोटं मिटेनात. "हाताला मुंग्या आल्यात" असं त्यांना म्हणायचं असावं, पण तोंडातून शब्द आला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. उजवी बाजू गेली. आईने साबण लागलेला अर्धा गाल तसाच पुसला आणि आम्ही त्यांना रिक्षात घातलं.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. बोलणं थोडंफार परत आलं, उजवा हात आला नाही. पण मार्च २००४ पासून वही पुन्हा सुरू होते, डाव्या हाताच्या अक्षरात. पाचचा आकडा आडवा पडलेला, आठची दोन टोकं एकमेकांना न भेटलेली, रेघेच्या वर-खाली घसरणारी तारीख. आणि आकडे? १३४/८२. १२८/७८. १३०/८०. रोज सकाळी एक गोळी, बाकी काही नाही. ज्या पानांवर अक्षर सुंदर आहे तिथे बीपी वाईट आहे आणि ज्या पानांवर बीपी सुंदर आहे तिथलं अक्षर मला आजही नीट बघवत नाही.

मी शाळेत गणित शिकवते. बरीच वर्षं मला त्या बेरजेत चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं, कारण बेरीज म्हणून ती बरोबरच होती. चूक सापडली ती सरासरीचा धडा शिकवताना. एका चाचणीत वर्गाची सरासरी शंभरात ३८ आली. एका मुलाला ४० होते. तो म्हणाला, "बाई, मी सरासरीच्या वर आहे, म्हणजे माझं गणित चांगलं आहे ना?" मी त्याला सांगितलं, की बाळा, सरासरी ही वर्ग कसा आहे ते सांगते, गणित कसं यायला हवं ते नाही. वाक्य तोंडातून निघालं आणि मी फळ्याकडे तोंड करून काही वेळ तशीच उभी राहिले.

शंभर अधिक वय हे सूत्र लोकांचं बीपी वयाबरोबर साधारण कसं चढतं याचं ढोबळ वर्णन होतं. कसं असावं हे त्यात कुठेच नव्हतं. साठीच्या पुष्कळ माणसांचं बीपी १६० असतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या पुष्कळांना पुढे काय होतं, हे सूत्र सांगत नाही. अजूनही कुटुंबाच्या ग्रुपवर "वयानुसार बीपीचा तक्ता" फिरत येतो. वीस ते चोवीसला अमुक, साठ ते चौसष्टला तमुक. लोक आपल्या वयासमोरचा आकडा बघतात आणि निश्चिंत होतात. तो तक्ता आला की मी दरवेळी तेच लिहिते: मोठ्या माणसांच्या निदानाच्या नियमांत वयाचा रकाना नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की पुढे पंचवीस असो की पंचाहत्तर, रेघ तीच. आपल्याकडे दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर निघालं, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. यातला एकच आकडा रेघेच्या वर असला तरी पुरे. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१७ साली हीच रेघ १३०/८० वर आणली. रेघ कुठे असावी यावर जाणत्यांत मतभेद आहेत. ती वयाबरोबर वर सरकत नाही, यावर नाहीत. १२०/८०च्या आत असेल तर उत्तम, हेही कुठल्या एका वयासाठी नाही.

हा आकडा म्हणजे नेमकं काय, हे मुलांना सांगायला मला फार आवडतं. १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं तेव्हाचा रोहिणीतला, म्हणजे हृदयातून रक्त नेणाऱ्या वाहिनीतला, दाब पाऱ्याचा एवढा स्तंभ तोलून धरू शकतो. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा १२०ला १३.६ने गुणा: १,६३२ मिलिमीटर. म्हणजे १६३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. माझी उंची तेवढीच आहे. वर्गात मी फळ्याला पाठ लावून उभी राहते, डोक्यावर खडूने रेघ मारायला लावते आणि सांगते, हे १२०. स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीला काचेची उंच नळी जोडून रक्त किती चढतं ते खरोखरच पाहिलं होतं. ते ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली त्याने हा प्रयोग छापला. दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर मोजायची रीत इटलीतल्या रिवा-रोची यांची, १८९६ची. स्टेथोस्कोप लावून कोपराच्या खोबणीत ती टक टक ऐकायची आणि खालचा आकडाही पकडायचा, हे रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दाखवून दिलं.

अण्णांच्या १६४चा गुणाकार मी वर्गात कधी केलेला नाही. घरी केला. २२३ सेंटिमीटर. आमच्या सैपाकघराच्या दाराच्या चौकटीपेक्षा वर. एवढं पाणी मिनिटाला सत्तर वेळा मेंदूतल्या केसाएवढ्या नळ्यांवर आदळत होतं, आणि आम्ही जिलेबी खाल्ली.

अण्णांच्या डॉक्टरांवर मी खूप वर्षं मनातून रागावलेली होते. तो राग कमी झाला तो वाचनाने. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. त्यांचे खासगी डॉक्टर त्यांचं बीपी वयाच्या मानाने ठीकच धरत आले होते. जगातलं सगळ्यात बलवान कार्यालय, हाताशी हवे तेवढे डॉक्टर, आणि उत्तर तेच, जे रविवार कारंज्यावर मिळालं. १२ एप्रिल १९४५ला दुपारी डोक्यात जोराची कळ आली आणि ते कोसळले. तेव्हा मोजलेलं बीपी होतं ३००/१९०. पाण्यात मांडलं तर चार मीटरच्या वर, घराच्या छताला भोक पाडून जाईल एवढं. वय ६३. तेव्हाच्या वैद्यकाची समजूतच अशी होती, की म्हातारपणी रक्तवाहिन्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे जायला जास्त दाब लागणारच, तो शरीराने मुद्दाम वाढवलेला असतो, त्याला हात लावू नये. इंग्रजीत या आजाराच्या नावातच "आवश्यक" असा शब्द येऊन बसला.

आणि हात लावायला तरी काय होतं? औषधं जवळपास नव्हतीच. इथे आपल्या मुंबईचं नाव घ्यायला हवं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं, हे आपल्या रुग्णांच्या नोंदींसह १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडलं. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ सालीच त्या मुळीवर लिहून ठेवलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखाने. त्या मुळीतून पुढे रिसर्पिन हे औषध निघालं. वकिलांचा लेख आला तो रूझवेल्ट गेल्यावर चारच वर्षांनी. दरम्यान अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ माणसांना निवडून वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. तीही एक वहीच म्हणायची, फक्त सगळ्या गावाची. त्या वहीने दाखवलं, की वयोमानाने ठीक असं काही नसतं. वरचा आकडा जितका चढा, तितका पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त, साठीतही आणि सत्तरीतही.

ज्या अभ्यासाने मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो १९९१चा आहे. साठीच्या पुढची ४,७३६ माणसं, वरचं बीपी १६० ते २१९, खालचं नव्वदच्या आत. म्हणजे अक्षरशः अण्णांचं २००२चं पान. अर्ध्यांना उपचार दिले. सुरुवात लघवी वाढवणाऱ्या एका साध्या, स्वस्त गोळीने. बाकीच्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. साडेचार वर्षांत औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी. अण्णांनी ते पान लिहिलं तेव्हा हे उत्तर छापून अकरा वर्षं झाली होती. तज्ज्ञांपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत एखादं सत्य पोहोचायला किती काळ लागतो, हे मी आमच्या घरात मोजलेलं आहे.

खालचं उतरलंय म्हणून बरं वाटणं, हीसुद्धा त्या काळची समजूत. ती मला आमच्या दिंडोरीच्या मामाने उलगडून दिली, तीही द्राक्षाच्या बागेत. ठिबकच्या जुन्या नळ्या गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, नवी नळी मऊ असते. मोटार सुरू झाली की जराशी फुगते, दणका पोटात घेते आणि मग हळूहळू सोडते. उन्हात वर्षं काढलेली नळी कडक होते, फुगत नाही. मोटार सुरू होताना दणका सरळ पुढे जातो आणि बंद झाली की प्रेशर एकदम पडतं. आपल्या महारोहिणीचंही, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचंही, असंच आहे. तरुणपणी ती लवचीक असते, ठोक्याचा दणका झेलते आणि मधल्या काळात रक्त पुढे ढकलत राहते. म्हणून पन्नाशीपर्यंत वरचं आणि खालचं साधारण बरोबरीने चढतात. त्यानंतर भिंत कडक होत जाते, तसं वरचं चढत राहतं आणि खालचं उतरू लागतं. दोन्हींतलं अंतर वाढणं हेच वय झाल्याचं लक्षण. १६४/८८ मध्ये ते अंतर ७६ आहे. १९९६ला ५८ होतं. अण्णांच्या वहीत हे सगळं लिहिलेलं होतं, वाचणारा कुणी नव्हता.

पण नळी कडक होणं अटळच आहे का? ब्राझीलच्या जंगलात यानोमामी नावाचे लोक राहतात. मिठाशिवाय जेवतात. १९८८ साली ३२ देशांतली माणसं मोजून एक मोठा अभ्यास झाला, त्यात त्यांचं बीपी सरासरी ९६/६१च्या आसपास निघालं, आणि वय वाढलं तरी ते चढत नव्हतं. त्यांच्या जगण्यात मिठाखेरीजही बरंच काही वेगळं आहे, हे मान्य. तरीपण "वय झालं की बीपी वाढायचंच" हे वाक्य निसर्गनियम म्हणून उच्चारायला मला ते लोक परवानगी देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. मिसळीबरोबरचा पापड, वर भुरभुरलेली शेव, चारचा चिवडा, रात्री खिचडीबरोबर लोणचं, एवढ्यात चमचा संपतो, भाजी-आमटीचं मीठ अजून मोजलेलंच नाही. सैंधव वापरतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की तेही मुख्यतः तेच मीठ आहे.

लहान मुलांचा हिशोब मात्र खरंच वेगळा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वरचं बीपी साधारण साठ ते ऐंशीच्या घरात असतं आणि पुढे उंचीबरोबर चढतं. तिथे वय, उंची, मुलगा की मुलगी हे बघूनच डॉक्टर तक्त्यात पाहतात. अमेरिकेतल्या नियमांत तेरा वर्षांनंतर मोठ्यांचेच आकडे, म्हणजे १३०/८०ची रेघ लावतात. माझा भाचा पंधराचा, वजन जरा जास्त, दोनदा १३४ निघालं. "मुलांना कुठं बीपी असतं?" असं म्हणून बहीण ते विसरून गेली होती. आता तो कृषीनगरच्या ट्रॅकवर पळतो. अण्णांच्या वहीत आता मी घरच्यांचीही पानं घातली आहेत, त्यात त्याचं एक.

लेकीच्या पानावर मी जास्त रेंगाळते. तिचं एरवीचं बीपी ११०/७०. पोटात बाळ असताना मधल्या महिन्यांत ते १०२/६०वर आलं, तेव्हा सगळे म्हणाले, अशक्त झालीये, लिंबू-मीठ-साखर दे. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, मधल्या काळात दाब उतरणं हे साहजिक असतं. शेवटच्या महिन्यांत तो मूळपदावर येतो. पण चौतिसाव्या आठवड्यात तिचं १३६/८६ निघालं. तक्ता बघणाऱ्याला यात काही वावगं दिसलं नसतं. मला दिसलं, कारण माझ्यापुढे १०२ लिहिलेलं होतं. तीन दिवसांनी १४४/९४. चार तासांनी पुन्हा तेवढंच. वीस आठवड्यांनंतर १४०/९० ओलांडलं की डॉक्टर लघवीतलं प्रोटीन बघतात, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, बरगडीखाली दुखतं का, ते विचारतात. तिला ठेवून घेतलं. सदतिसाव्या आठवड्यात बाळ झालं, दोघी सुखरूप. जाताना डॉक्टर बाईंनी तिला जे सांगितलं ते मी पानाच्या वरच लिहून ठेवलंय: गरोदरपणात ज्यांचं बीपी असं चढतं, त्यांना पुढच्या आयुष्यात बीपीचा आणि हृदयाचा धोका जास्त असतो, तेव्हा दर वर्षी तपास. एकोणतिसाव्या वर्षी तिला आपल्या पन्नाशीची चिठ्ठी मिळाली आहे.

माझं स्वतःचं दवाखान्यात १४८/९२ येतं आणि घरी १२४/७८. पांढऱ्या डगल्याचं बीपी म्हणतात ते हे. उलटही असतं. दवाखान्यात उत्तम आणि एरवी चढलेलं, ते जास्त फसवं. म्हणून घरी मोजणं हवं आणि घरच्या मोजणीची रेघ थोडी खाली, १३५/८५ धरायची. माझं आज ठीक असलं तरी मी मोजणं सोडलेलं नाही, कारण अशांचं पुढे खरोखर वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

रविवारी मी गोल्फ क्लब मैदानावर चालायला जाते. कडेला कधी कधी कुणीतरी मशीन घेऊन बसतं, ज्येष्ठ मंडळींची रांग लागते. हेतू चांगलाच असतो. पण चार फेऱ्या मारून, घाम न पुसता, बिनपाठीच्या बाकड्यावर पायावर पाय टाकून, स्वेटरच्या बाहीवरच पट्टा बांधून, हात मांडीवर लोंबता ठेवून आणि शेजाऱ्याशी सोसायटीच्या पाण्यावर वाद घालत मोजलेला आकडा कुणाचाच नसतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तर सात-आठ मिलिमीटर फुकटचे वाढतात. हा साधा पाण्याच्या स्तंभाचाच हिशोब आहे. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आणखी वाढतात. लघवी तुंबलेली असेल तरी वाढतात. एकदा तिथे एका काकांनी मला विचारलं, "बाई, माझं वय बहात्तर. दीडशे आलंय. चालतंय ना?"

मी डॉक्टर नाही. तरी त्यांना पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवलं, पाच मिनिटं गप्प बसायला लावलं, बाही वर करून हात टेबलावर ठेवला. १४६. एका मिनिटाने १४२.

"म्हणजे चालतंय."

"नाही काका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असंच मोजा, दोन-दोनदा, आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जा."

"अहो, पण बहात्तर वय आहे माझं."

"माझ्या वडिलांचं साठ होतं," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून मला दाखवला. दोन वाक्यं बोललो असू, पण तो कागद बघून माझा दिवस चांगला गेला.

वय जिथे खरंच मधे येतं ती जागा मला आईने दाखवली. आई आता एकोणऐंशीची. रेघ तिच्यासाठीही तीच आहे आणि उपचाराचा फायदा ऐंशीनंतरही होतो. २००८ साली ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ माणसांवरचा अभ्यास झाला, त्यात वरचं १५० पर्यंत उतरवल्यावर मृत्यू आणि हार्ट फेल्युअर दोन्ही कमी झाले. फरक पडतो तो किती घाईने उतरवायचं यात. गेल्या वर्षी आई पहाटे बाथरूमला जाताना भिंतीला धरून खाली बसली. बसून मोजलं तर १३२/६४, अगदी देखणं. डॉक्टरांनी तिला उभं केलं आणि पुन्हा मोजलं: १०६/५८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं वीस किंवा खालचं दहा उतरलं तर ते जपण्यासारखं असतं, ती माणसं पडतात, आणि या वयात मोडलेलं खुब्याचं हाड बीपीइतकंच घातक. त्यांनी एक गोळी कमी केली, एकीची वेळ बदलली. आपणहून काही बंद करायचं नाही, हे मला दोनदा बजावलं. तेव्हापासून वहीत आईच्या पानाला पाचवा रकाना आहे: उभ्याने.

आज सकाळची गोष्ट. थंडी चांगलीच होती. थंडीत नसा आकसतात आणि बीपी थोडं चढतं, अण्णांच्या वहीत दर डिसेंबर-जानेवारीला ते दिसतंच, म्हणून या दिवसांत मी आठवड्यातून दोनदा मोजते. आई पंचवटीच्या जुन्या घराच्या पडवीत खुर्चीला पाठ टेकून बसली, पाय जमिनीवर सपाट, शालीतून एक हात बाहेर. चहा अर्ध्या तासापासून थांबवलेला, त्याबद्दल तिची नाराजी चेहऱ्यावर स्पष्ट. पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. गंगेकडून, म्हणजे आमच्या गोदावरीकडून, घंटेचा आवाज येत होता. पट्टा फुगला, सैल झाला. १३८/६८. एका मिनिटाने १३६/६८.

"ऊठ आता. हळू. आधी कडेला ये."

ती उठली. खुर्चीची पाठ धरली. मी घड्याळाकडे बघत होते, ती तुळशीकडे. एक मिनिट. तिचे ओठ हलत होते, काहीतरी म्हणत असावी, पण आवाज नव्हता, कारण मोजताना बोलायचं नाही हे तिला माहीत आहे. दोन मिनिटं. तीन. मी तिचा हात हृदयाच्या उंचीवर माझ्या तळव्यावर धरला आणि बटण दाबलं.

१२८/६६.

"चक्कर?"

"छे."

मी पाचव्या रकान्यात आकडा लिहिला. तिने वाकून वहीत बघितलं, अण्णांच्या चष्म्याची दोरी अजून त्या पानांत खूण म्हणून आहे, ती सरळ केली आणि म्हणाली, "झालं ना? मग आता चहा टाक."